नागपुरात फर्नला खत कधी, किती आणि कसं द्यावं

फर्नची पानं टोकाकडून तपकिरी व्हायला लागली की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो खत टाकण्याचा. शेजारच्या काकू तेच सांगतात, नर्सरीतला भाऊ तेच सांगतो. मीही तेच करत होते. नागपुरात फर्न लावायला लागून मला अकरा वर्षं झाली. त्यातल्या पहिल्या चार वर्षांत माझी जवळजवळ सगळी फर्न गेली, आणि ती भुकेनं गेली नाहीत. खतानं आणि खारट पाण्यानं गेली. मुळांशी क्षार साचतात, वरून पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, आणि त्यात आपण मायेनं आणखी एक चमचा खत घालतो. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणून जे मला उशिरा कळलं ते क्रमानं लिहिते आहे. घरातली, बाल्कनीतली आणि अंगणातली, तिन्ही फर्न धरून.

सुरुवातीला एवढ्या वस्तू गोळा करा:

– १० लिटरची एक बादली, फक्त झाडांसाठी
– चहाचा एक चमचा, जो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही
– बारीक छिद्रांची झारी
– टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. पेनाएवढा असतो, ऑनलाइन मिळतो, महाग नसतो
– १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, छोटं बंद पाकीट
– चांगलं मुरलेलं गांडूळखत
– पावसाचं पाणी साठवायला झाकणाचा ड्रम, जागा असेल तर
– एक वही, तारीख लिहायला

वहीला हसू नका. फर्नला खत देऊन किती दिवस झाले हे आठवणीवर सोडलं की हात हमखास लवकर जातो.

१. आधी झाड कोणतं आहे ते ओळखा

नर्सरीत जे जे झिरमिळ्या पानांचं दिसतं त्याला फर्न म्हणायची पद्धत आहे. ‘अ‍ॅस्परागस फर्न’ म्हणून मिळतं ते फर्नच नाही, ते शतावरीच्या कुळातलं. त्याला गाठी असतात, फुलं येतात, आणि खतही तो जास्त पचवतो. हा लेख त्याला लावू नका.

खऱ्या फर्नला, म्हणजे नेच्यांना, फूल येत नाही आणि बीही धरत नाही. पानांच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांच्या नाहीतर पट्ट्यांच्या रांगा असतात, ते बीजाणू. नवीन माणूस त्यांना कीड समजतो आणि औषध मारतो. ठिपके अगदी शिस्तीत, ओळीत असतील तर ते बीजाणूच. खवलेकीड कुठेही, कशीही चिकटलेली असते आणि नखानं उचकटली की निघते, बहुधा हाताला चिकटही लागतं. फूल नाही याचा खताशी थेट संबंध आहे: फुलांसाठी म्हणून विकली जाणारी, पाकिटावरच्या तीन आकड्यांपैकी मधला म्हणजे स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा मोठा असलेली खतं फर्नच्या काही उपयोगाची नाहीत.

आपल्याकडे सहज मिळणारी चार. बोस्टन फर्न, लोंबणारं, भरभर वाढणारं, चौघांत सगळ्यात जास्त खाणारं. बर्ड्स नेस्ट, रुंद चकचकीत पानांची वाटी. स्टॅगहॉर्न, सांबराच्या शिंगांसारखं, फळीवर बांधून लावायचं. आणि हंसराज, म्हणजे मेडनहेअर.

हंसराज मला माझ्या सासरच्या घरानं शिकवला. महाल भागातल्या त्या जुन्या घरात एक विहीर आहे. आषाढात तिच्या काठावरून वाकून पाहिलं की आतल्या अंगाला, चुन्यात बांधलेल्या विटांच्या फटींतून हंसराजाचे झुबके बाहेर आलेले असतात. घोड्याच्या केसासारखी काळी, चकचकीत, ताठ काडी आणि तिच्यावर पंख्याच्या आकाराची इवली पानं. तिथं माती चिमूटभर असेल नसेल. खत तर कोणी कधी टाकलेलंच नाही. ओल, सावली आणि विटेतून झिरपणारं थोडंसं काहीतरी, एवढ्यावर तो दरवर्षी उगवतो. फर्नला किती लागतं याचा अंदाज मी त्या विहिरीवरून घेते.

२. खताच्या आधी पाणी तपासा

ही पायरी कोणी करत नाही आणि बहुतेकांचं फर्न इथंच जातं. म्हणून जरा सविस्तर.

एका एप्रिलमध्ये मी हॉलमधल्या कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी रोज संध्याकाळी बोस्टन फर्नना घालत होते. सहा कुंड्या होत्या. पाणी वाया घालवायचं नाही, एवढाच विचार. तीन आठवड्यांत पानांची टोकं करपली. मला वाटलं झाडं उपाशी आहेत, म्हणून १९:१९:१९ चा एक अख्खा चमचा लिटरभर पाण्यात घालून सगळ्यांना दिला. चौथ्या दिवशी पानावर हात फिरवला तर त्याची छोटी पाती झरझर सुटून फरशीवर पडली. झाडून गोळा केली तर सुपडंभर निघाली. काड्या तेवढ्या उभ्या राहिल्या. कुंडीच्या काठाला पांढरा थर होता, नखानं खरवडला तर मिठासारखा चुरा.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या. कूलरमध्ये पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार उडत नाहीत. आपण टिल्लू पंप चालू ठेवतो, वरून पाणी भरत राहतो, आणि टाकीतल्या पाण्यात क्षार वाढत जातात. ताटीवर पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. ते पाणी कुंडीत गेलं की कुंडीतलंही पाणी उडतं आणि क्षार आणखी दाटतात. मातीत क्षार जास्त झाले की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. माती ओली असून झाड तहानलेलं राहतं. त्यात खत घातलं की आणखी क्षार घातले, कारण रासायनिक खत म्हणजेही शेवटी क्षारच. फर्नची मुळं केसासारखी बारीक आणि मातीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. त्यांना हे सोसत नाही.

मीटर घेतल्यावर मी घरातलं सगळं पाणी मोजलं. नळाचं, जे आपल्याकडे पेंच आणि कन्हानवरून येतं, माझ्या घरी २२० पीपीएमच्या (मीटरवर दिसतो तो आकडा) आसपास. सोसायटीच्या बोअरचं ६५०. आठवडाभर चाललेल्या कूलरच्या टाकीतलं १६०० च्या वर. एसीच्या नळीतून ठिबकणारं अगदी कमी, आणि गच्चीवरचं पावसाचं त्याच्या जवळपास. तुमच्या घरचे आकडे वेगळे येतील, म्हणून मोजाच.

माझा ठोकताळा असा: ३०० च्या आत असेल तर निर्धास्त वापरा. ३०० ते ५०० मध्ये असेल तर चालेल, पण महिन्यातून एकदा कुंडीतली माती चांगल्या पाण्यानं धुवून काढा (रीत शेवटच्या पायरीत आहे) आणि खत निम्मं करा. त्याच्या वर असेल तर ते पाणी फर्नला नको. पावसाच्या नाहीतर एसीच्या पाण्यात अर्धंअर्धं मिसळलं तर चालतं. आरओ मशिनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी तर मुळीच नको. मशिननं गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. फरशी पुसायला ते चांगलं आहे.

एसीचं पाणी मात्र खरंच उपयोगी. रात्रभरात अर्धी बादली जमते. त्यात झाडाला खाण्यासारखं काहीच नसतं, तेव्हा जो फक्त एसीचं आणि पावसाचं पाणी घालतो त्याला खताचं वेळापत्रक अधिक काटेकोर पाळावं लागतं.

३. कुंडीतली माती खत धरेल अशी हवी, पाणी नाही

विदर्भाची काळी माती कापसाला सोनं आहे, फर्नला नाही. पावसात चिकट गोळा होते, उन्हात भेगाळते आणि भेगा पडताना मुळं तोडते. शिवाय ती अल्कधर्मी असते, आणि तशा मातीत लोह असून झाडाला मिळत नाही. संत्र्याच्या बागायतदारांना नवी पालवी पिवळी पडण्याचा हा प्रकार चांगला ठाऊक आहे. फर्नमध्येही तसंच होतं: नवं पान फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या. तिथं आणखी १९:१९:१९ घालून काही होत नाही. माती बदलावी लागते, आणि तोपर्यंत कृषी केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, आणून अगदी पातळ करून द्यावं लागतं.

माझं मिश्रण: दोन भाग कोकोपीट, दोन भाग पानांचं कुजलेलं खत, एक भाग गांडूळखत, एक भाग विटांचा बारीक चुरा नाहीतर जाड रेती. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवल्यावर ते पाणी फेकून द्या आणि चांगल्या पाण्यानं आणखी दोनदा धुवा. नारळाच्या काथ्यात मीठ असू शकतं. पहिलं पाणी फेकताना मीटर बुडवून बघा, पटेल.

नवं आणलेलं किंवा नुकतं कुंडी बदललेलं झाड दीड महिना खताला शिवू द्यायचं नाही. नर्सरीत येणारी पुष्कळ रोपं बाहेरून येतात, आंध्रातल्या कडियमसारख्या दमट भागातून. त्यांच्या मातीत आधीच पिवळे-हिरवे मोहरीएवढे मणी टाकलेले असतात, ते हळूहळू विरघळणारं खत. मातीचा वरचा थर बोटानं उकरून बघा. मणी दिसले तर त्या हंगामात तुम्हाला काही करायचं नाही.

४. खत निवडताना

दोनच ठेवा. पाण्यातून द्यायला १९:१९:१९, आणि मातीवर पसरायला गांडूळखत. तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण. फर्न पानांसाठी लावतो, त्यामुळे त्याला मुख्य गरज नत्राची. तिन्ही सारखे असले तरी पातळ मापात चालून जातं आणि हे खत कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं. कॉटन मार्केटच्या बाजूला बघा. मोठ्या पोत्यातून सुटं काढून साध्या पिशवीत देत असतील तर घेऊ नका. त्यावर आकडे नाहीत, तारीख नाही, आणि नेमकं काय आहे याचा भरवसा नाही.

पाकीट फोडल्यावर खत प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात ते हवेतली ओल ओढतं आणि दगड होतं, मग चमच्याचं माप चुकतं. बरणीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलांच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवा.

युरिया आणि डीएपी शेतासाठी. युरियात ४६ टक्के नत्र असतं. कुंडीत चिमूट कमीजास्त झाली की मुळं भाजली. अंगणातल्या वाफ्यातही मी वापरत नाही.

गांडूळखत हातात घेऊन वास घ्या. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यायला हवा. शेणाचा वास आला किंवा पोत्यात हात घातल्यावर आतून कोमट लागलं, तर ते कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत तापतं. घरी आणून महिनाभर सावलीत पसरून ठेवलंत तर सुधारतं.

आणि ते हळूहळू विरघळणाऱ्या मण्यांचं खत. ते चांगलं आहे, पण पाकिटावरचे ‘तीन महिने’ किंवा ‘सहा महिने’ हे साधारण २१ डिग्रीच्या हिशेबानं लिहिलेले असतात. तापमान वाढलं की मण्याचं आवरण खत भराभर सोडतं. मार्चमध्ये घातलेले मणी आपल्या एप्रिल-मेमध्ये, झाड अगदी निपचित असताना, सगळं एकदम मुळांवर ओततात. वापरायचेच असतील तर जूनअखेर घाला, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मे, आणि मग पाण्यातून खत देऊ नका.

५. माप

१० लिटर पाण्यात १९:१९:१९ चा एक सपाट चमचा. सपाट म्हणजे वरून सुरीची पाठ फिरवून सारखा केलेला. तो सुमारे पाच ग्रॅम भरतो, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. पाकिटावर याच्या कितीतरी पट जास्त लिहिलेलं असेल, ते पिकांच्या फवारणीचं माप आहे.

बोस्टनला भर पावसाळ्यात दीड चमचा चालतो. बर्ड्स नेस्ट आणि स्टॅगहॉर्नला एक. हंसराजाला अर्धा, त्याहून जास्त कधीच नाही.

एक लिटरच करायचं असेल तर चमच्याचा दहावा भाग मोजत बसू नका, हात चुकतो. बादलीभर करा आणि उरलेलं मोगऱ्याला, जास्वंदीला घाला. त्यांना ते आवडतं.

६. द्यायची रीत

आदल्या दिवशी साधं पाणी घाला. कोरड्या मातीत खताचं पाणी कधीही ओतायचं नाही. कोरडी मुळं ते सगळं एकदम शोषतात आणि भाजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत खताचं पाणी झारीनं मातीवर, कडेकडेनं, खालच्या छिद्रातून थोडं गळेपर्यंत. बशीत उतरलेलं पाणी फेकून द्या. तसंच राहू दिलं तर माती ते परत वर ओढते.

बर्ड्स नेस्टच्या मधल्या वाटीत खत, खताचं पाणी, गांडूळखत काहीही पडू देऊ नका. नवी पानं तिथूनच येतात, आणि ती जागा कुजली की झाड संपलं. हंसराजाच्या पानांवर फवारणी नको, डाग पडतात. स्टॅगहॉर्नची फळी खाली काढून पातळ केलेल्या खताच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवते आणि मग निथळायला उभी करते. त्याच्या ढालीसारख्या पानांमागे केळीची सालं खोचतात लोक. आपल्या हवामानात तिथं मुंग्या आणि झुरळं होतात, मी सोडून दिलं.

७. नागपूरचं वेळापत्रक

बाहेरच्या बहुतेक पुस्तकांत ‘एप्रिल ते सप्टेंबर खत द्या, हिवाळ्यात थांबा’ असं असतं. थंड देशांसाठी ते बरोबर आहे. तिथं एप्रिलमध्ये बर्फ वितळून झाडं जागी होतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये फर्न जीव मुठीत धरून बसलेलं असतं. दुपारी हवेत ओलावा नावापुरता उरतो. अशा वेळी झाड वाढत नाही, फक्त तग धरतं, आणि न वाढणारं झाड खत उचलत नाही. ते मातीत क्षार होऊन पडून राहतं. म्हणून आपलं वर्ष मृगापासून मोजायचं.

मृग ते जूनअखेर. पहिले दोनतीन चांगले पाऊस कुंड्यांवर पडू द्या. घरातल्या कुंड्याही एक रात्र बाहेर काढा, उन्हाळाभर साचलेले क्षार धुऊन निघतील. खत लगेच नको, आधी नव्या पानाचं वेटोळं दिसू द्या. माझ्याकडे बोस्टनच्या मधोमध, पाऊस पडल्यावर आठदहा दिवसांत, तपकिरी लव असलेली पोपटी वेटोळी वर येतात. बंद मुठीसारखी, बोटाच्या पेराएवढी. सकाळी पाहावं तर मूठ घट्ट, आणि दोन दिवसांनी पाहावं तर एक फेरा सुटलेला. ते दिसलं की समजायचं झाड मागतंय. त्या दिवशी १० इंची कुंडीला एक मूठ गांडूळखत मातीवर पसरायचं, वरच्या मातीत बोटानं हलकेच मिसळायचं, खोल खणायचं नाही. आठवड्यानं पहिलं पाण्यातलं खत.

जुलै ते सप्टेंबर. खरी वाढ याच तीन महिन्यांत. बाहेरच्या कुंड्यांना दर पंधरा दिवसांनी, कारण पाऊस खत धुऊन नेतो. झड लागली असेल तर थांबा, उघडीप पडल्यावर द्या. घरातल्यांना दर तीन ते चार आठवड्यांनी; तिथं उजेड कमी, वाढ कमी. गांडूळखताची दुसरी मूठ मी तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीत देते. त्या दिवशी मारबत बघून आलं की कुंड्या, असं ठरून गेलं आहे, त्यामुळे विसरत नाही.

ऑक्टोबर. ऊन पुन्हा चढतं. महिन्यातून एकदाच, आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी शेवटचं.

नोव्हेंबर ते जानेवारी. काही नाही. रात्री दहाच्या खाली पारा जातो, मुळं मंद होतात. पाणीही कमी.

संक्रांत ते होळी. फेब्रुवारीत थोडी नवी पानं येतात. तेव्हा दोनदा, अर्ध्या मापानं. होळीनंतर बरणीचं झाकण बंद.

मार्चअखेर ते मृग. खत नाही, कितीही केविलवाणं दिसलं तरी नाही. या दिवसांत करायचं ते दुसरंच: पन्नास टक्के सावलीची हिरवी नेट काढून पंचाहत्तरची लावणं, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवणं, सकाळ-संध्याकाळ चांगलं पाणी. कूलर असलेली खोली फर्नला मानवते, हवेत ओल असते. फक्त कुंडी थेट झोताच्या समोर ठेवू नका, बाजूला ठेवा. नवतप्यात माझी बाहेरची सगळी फर्न आतल्या बोळात येतात. हंसराज तर मे महिन्यात बरेचदा पूर्ण वाळतो. कुंडी रिकामी दिसते. ती फेकू नका, माती नुसती ओलसर ठेवा, आणि रिकाम्या कुंडीला खत घालू नका. पावसात तो मुळापासून परत येतो.

संत्र्याच्या बागेला बहार धरायला ताण देतात, पाणी तोडतात. काही मंडळी तोच प्रयोग फर्नवर करतात. फर्नला फुलायचं नाही, त्याला ताण देऊन काहीच मिळत नाही.

८. अंगणातलं फर्न

जमिनीत लावताना काळ्या मातीवर विटांच्या दोन थरांचा वाफा बांधा आणि त्यात वरचंच मिश्रण भरा. उत्तर किंवा पूर्वेची भिंत, किंवा आंब्यासारख्या दाट सावलीच्या झाडाजवळची जागा. अगदी बुंध्याशी नको, मोठ्या झाडाची मुळं सगळं खत खाऊन टाकतात.

इथं १९:१९:१९ जवळजवळ लागतच नाही. पानांचं खत पुरतं, आणि ते फुकट तयार होतं. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पिंपळ, आंबा, गुलमोहर यांची पानं पोत्यात भरा. सागाची असतील तर चुरून घ्या, अख्खी वर्षभर तशीच राहतात. निलगिरीची नकोत. धान्याचं पोतं घ्या, सिमेंटचं नको, त्यात राहिलेली पूड माती आणखी अल्कधर्मी करते. पोत्याला दहाबारा भोकं पाडा, पानं ओली करा, सावलीत ठेवा, दर पंधरा दिवसांनी पाणी शिंपडा. पुढच्या मृगापर्यंत आत काळं, भुसभुशीत, जंगलाच्या वासाचं खत तयार असतं. चिखलदऱ्याला पावसाळ्यात गेलात तर उतारावरच्या नेच्यांच्या मुळाशी हात घालून बघा, तिथं हेच असतं.

ते दोन बोटं जाडीनं वाफ्यावर पसरा, एकदा मृगात, एकदा दसऱ्याला. झाडाचा गड्डा मात्र उघडा ठेवा. दसऱ्याचा थर खतापेक्षा आच्छादन म्हणून जास्त कामाचा. पुढच्या उन्हाळ्यात मुळं त्याच्याखाली गार राहतात.

९. घरातले उपाय, एकेक करून

चहाचा चोथा: आपल्या चहात साखर आणि दूध. धुतल्याशिवाय घातला की मुंग्या आणि बुरशी. तीनदा धुऊन, वाळवून, पानांच्या खताच्या पोत्यात टाका; थेट कुंडीत नको.

तांदूळ धुतलेलं पाणी: ताजं असेल तर अपाय नाही, पण खत म्हणून त्यावर विसंबू नका. आंबलेलं नको.

अंड्याची टरफलं: त्यात चुना. आपल्या पाण्यात आणि मातीत तो आधीच भरपूर आहे. हंसराज चुन्याच्या भिंतीत वाढतो म्हणून त्याला चुना चालतो, पण वेगळा घालायची गरज नाही.

शेंगदाण्याच्या ढेपेचं आंबवलेलं पाणी: नत्र चांगलं मिळतं, मोगऱ्याला उत्तम. पण घरात वास टिकतो आणि किती तीव्र झालंय ते कळत नाही. अंगणात, गाळून, फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून, पावसाळ्यातच.

ताजं शेण, गोमूत्र: नको.

१०. लक्षणं वाचताना गफलत कुठे होते

टोकं आणि कडा तपकिरी, मधलं पान हिरवं: क्षार, कोरडी हवा किंवा दोन्ही. खत बंद.

जुनी पानं सावकाश सगळीकडून फिकट पिवळी आणि नवी पानं दरवर्षीपेक्षा लहान, तेही पावसाळ्यात: ही खरी भूक. माझ्याकडे अकरा वर्षांत दोनदाच दिसली, दोन्ही वेळा तीन वर्षं कुंडी न बदललेल्या बोस्टनमध्ये.

पानं गडद हिरवी, मऊ, लांबच लांब आणि लोळणारी: खत जास्त झालं. सुंदर दिसतं, म्हणून लोक आणखी देतात. अशी पानं पहिल्या उन्हात आडवी होतात.

सगळं झाड ओल्या मातीत कोमेजलेलं: कुंडीतून काढून मुळं बघा. काळी, बुळबुळीत, वास येणारी असतील तर सडलेली आहेत, तिथं खताचा काही संबंध नाही.

११. खत जास्त झालंच तर

काठावरचा पांढरा थर आणि मातीचा वरचा अर्धा इंच खरवडून फेकून द्या. कुंडी मोरीत किंवा गच्चीच्या नळाशी ठेवा. कुंडीत जेवढी माती आहे त्याच्या तिप्पट चांगलं पाणी हळूहळू, थांबत थांबत ओता. पाच लिटरची कुंडी असेल तर पंधरा लिटर. एकदम ओतलं तर ते कडेनं निसटतं आणि मधले क्षार तसेच राहतात. खालून गळणाऱ्या पाण्यात मीटर धरा. माझ्या करपलेल्या कुंड्यांतून सुरुवातीला २००० च्या वर आकडा येत होता, तिसऱ्या फेरीला ५०० च्या खाली आला. मग सावलीत ठेवा आणि वरचं बोटभर कोरडं होईपर्यंत पुन्हा पाणी नको.

पूर्ण वाळलेल्या काड्या मातीपासून दोन बोटं वर कापा. अर्धवट हिरवी पानं राहू द्या, झाडाला तेवढीच कमाई आहे. त्या सहा बोस्टनपैकी चार अशीच वाचली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकेका कुंडीत दोनतीन वेटोळी दिसली. तुमच्याकडेही दिसली की लगेच बरणी उघडू नका. वेटोळी पूर्ण उलगडू द्या, पहिली पानं हिरवी आणि घट्ट होऊ द्या, त्याला तीन आठवडे लागतात. मग १० लिटरच्या बादलीत अर्धा चमचा.